उजव्या हाताचा ब्रेक

घरात तिला पिरपिरी म्हणत, आणि नाव अगदी चपखल होतं. दूध गरम असलं तरी तक्रार, गार झालं तरी तक्रार. बूट नवा असला तर चावतो, जुना झाला तर लाज वाटते. वय सतरा, पाय दणकट, सायकलवर बसली की चढावर भल्याभल्यांना घाम फोडायची. पण खाली उतरली की पिरपिर सुरू. आई म्हणायची, जन्मल्यावर डॉक्टरांनी हिला रडायला लावलं, थांबायला सांगायचं मात्र राहून गेलं.

ही पिरपिर मनापासून ऐकून घेणारं माणूस जगात एकच होतं, तिची ताई. ताई दोन वर्षांनी मोठी. पिरपिरीची वेणी ताई घालणार, शर्यतीचा नंबर तिच्या पाठीवर ताई पिना लावून बसवणार, पाण्याची बाटलीही ताईच भरणार. बाबा चिडायचे, तिला हात नाहीत का म्हणून विचारायचे. ताई म्हणायची, आहेत ना बाबा, पण ते हँडल धरायला लागतात. मग दोघी हसत सुटायच्या आणि बाबा पेपरात तोंड घालायचे.

तर या दोघी शर्यतीसाठी परदेशात आल्या होत्या. संघात चार मुली, एक सर आणि सायकली सांभाळणारे एक मिस्त्रीकाका. चौघींत जिंकण्याच्या लायकीची एकटी ताई, आणि बाकी तिघींनी तिला जपायचं असं ठरलेलं. सायकलची शर्यत बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की जो तो आपापला पळतोय. तसं नसतं. पुढचीने वारा खायचा आणि मागचीने तिच्या आडोशाला राहून ताकद राखायची. पिरपिरीने ताईसाठी वारा खायचा, मागून येणाऱ्या संघाच्या गाडीतून बाटल्या आणून द्यायच्या, चढ लागायच्या आधी ताईला घोळक्याच्या तोंडाशी नेऊन सोडायचं. पुढे ती स्वतः मागे पडली तरी कुणी तिला विचारणार नव्हतं.

ताईचं हे शेवटचं वर्ष होतं. या वयोगटातलं शेवटचं, आणि बाबांशी झालेल्या बोलीप्रमाणे एकूणच शेवटचं. बाबांचं औषधांचं दुकान होतं आणि त्यांची कंबर आता दिवसभर उभं राहू देत नव्हती. माणूस वाईट नव्हता, फक्त दमला होता. त्यांनी ताईला समोर बसवून सांगितलं होतं की या शर्यतीत काही झालं तर झालं, नाहीतर सायकल भिंतीला टांगायची, औषधांचा कोर्स करायचा आणि दुकानात उभं राहायचं. ताई बरं म्हणाली होती. तिला खात्री होती म्हणूनच बरं म्हणाली होती.

खात्रीला कारणही होतं. तिकडच्या एका नावाजलेल्या संघाची प्रशिक्षक, पिकल्या केसांची उंच बाई, वर्षभरासाठी एक नवी मुलगी शोधत होती. ताईचे मागचे निकाल तिने पाहिले होते. पोचल्या दिवशीच ती पांढऱ्या गाडीतून मुलींच्या मुक्कामी येऊन गेली, ताईशी हात मिळवला आणि म्हणाली, चढ तू चढतेस हे मला ठाऊक आहे, उतार कसा उतरतेस ते बघायचंय. ती गेल्यावर ताई खोलीभर नुसती फिरत राहिली. चड्ड्या-मोज्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. पिरपिरी पलंगावर पडून तिच्याकडे बघत होती आणि तिच्या मनात एकच हिशेब चालू होता: ही निवडली गेली तर ही इथेच राहणार. परत जाताना विमानात शेजारची खुर्ची दुसऱ्याच कुणाची असणार.

हे ती कुणाला बोलली नाही. बोलायला तिच्याकडे दुसरं कारण होतं, आणि तेही खरंखुरं. विमानतळावर चार सायकलींची खोकी यायची तिथे तीनच आली होती. न आलेलं खोकं अर्थातच पिरपिरीचं. सरांनी खिडकीखिडकीत जाऊन हुज्जत घातली. येईल, उद्या येईल, परवा येईल, एवढंच उत्तर मिळालं. शेवटी शर्यतीच्या आयोजकांनी गावातल्या एका सायकलवाल्याकडून तिच्या मापाची सायकल उसनी आणून दिली. सायकल चांगली होती, हलकी होती, पिरपिरीच्या स्वतःच्या सायकलीपेक्षा काकणभर सरसच होती. फक्त तिचे ब्रेक उलटे होते.

आपल्याकडे उजव्या हाताला पुढच्या चाकाचा ब्रेक असतो आणि डाव्या हाताला मागच्या. तिकडे सगळ्या सायकलींना डावीकडे पुढचा, उजवीकडे मागचा. एरवी भाजी आणायला जाणाऱ्याचं यात काही बिघडत नाही. पण उतारावर भरधाव येताना वळणात पुढचा ब्रेक चुकून करकचून दाबला, तर चाक जागच्या जागी अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. तिथे डोकं विचार करेपर्यंत वेळ नसतो, जे काही ठरवायचं ते हातच ठरवतात. आणि पिरपिरीचे हात लहानपणापासून एकच गोष्ट शिकलेले.

पहिल्या दिवशीच्या सरावात तिने दोनदा स्वतःला पाडून घेतलं आणि एकदा मिस्त्रीकाकांच्या अंगावर सायकल घातली. मग काय, पिरपिरीला आयतं कोलीत मिळालं. हात दुखतात, मनगट भरून आलं, ही सायकल आहे का शिक्षा आहे, माझ्याच नशिबात हे का. संघातल्या बाकी दोघी कानात गाणी लावून बसल्या. सर म्हणाले, सवय होईल. ताई मात्र तिच्या पलंगाशी खाली बसली, मलम आणून तिची मनगटं चोळून दिली, आपल्या वाट्याचं केळं तिला दिलं. ताई अशी जवळ बसून बरेच दिवस झाले होते. गेले कित्येक महिने ताईच्या डोक्यात शर्यत आणि ती पांढरी गाडी यांच्याशिवाय काही नव्हतं.

सवय झालीच. दुसऱ्या दिवशी दुपारी, शर्यतीच्याच उतारावरून खाली येताना एक कुत्रं आडवं आलं आणि पिरपिरीचा उजवा हात आपोआप मिटला, मागचं चाक हळूच आवळलं गेलं, सायकल अलगद बाजूने निघून गेली. खाली पोचल्यावर तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. हात शिकले होते. तिने पुन्हा वर जाऊन मुद्दाम उतरून पाहिलं, एकदा नाही, दोनदा. उजवा मागचा, डावा पुढचा. अगदी जन्मापासून असंच असल्यासारखं.

खोलीवर आल्यावर हे ताईला सांगायचं म्हणून तिने तोंडही उघडलं होतं. पण ताईने आधीच मलमाची बाटली काढून ठेवली होती. "आज फारच त्रास झाला का गं?" असं विचारून ती पिरपिरीची मनगटं हातात घेऊन बसली. आणि पिरपिरीने काय करावं? ती म्हणाली, फारच.

खोटं असं नाही, तिला वाटलं, एक दिवसाचीच तर गोष्ट आहे. ताई आता उद्या-परवा तिची राहणार नाही. तेवढं एक संध्याकाळभर माझं डोकं मांडीवर घेऊन तिला बसू दे की. म्हणून तिने कुरकुर चालूच ठेवली, उलट जरा चढवली. उतारावर भीती वाटते म्हणाली. हात उलटेच जातात म्हणाली. ताई, मी उद्या नक्की पडणार बघ, असंही म्हणाली.

ताई तिचे केस विंचरत होती. हात जरा थांबला, मग पुन्हा चालू झाला.

सरांचा एक नियम होता आणि तो पोरींना पाठ होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी सायकलीला पाना लावायचा नाही. नवा बूट नको, नवा मोजा नको, सीट केसभरही वरखाली नको; जसं आहे तसं, दुखतंय तर दुखू दे. या नियमापायी सरांनी एकदा एका मुलीला ऐन वेळी संघातून वगळलं होतं. आणि ताई ही नियम मोडणाऱ्यातली नव्हती. तिने आयुष्यात सरांसमोर मान वर करून बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तरी पिरपिरी झोपल्यावर ती खाली गेली. मिस्त्रीकाका सायकली पुसून चहा घेत बसले होते. त्यांनी आधी नाहीच म्हटलं. सरांना कळलं तर मला पुढच्या विमानाने घरी धाडतील म्हणाले. ताईने त्यांची मनधरणी केली. हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. काकांना मुळात ताईला नाही म्हणता येत नसे, कुणालाच येत नसे, कारण ती कधी काही मागतच नसे. त्यांनी हँडलची पट्टी सोडली, दोन्ही ब्रेकच्या केबल काढून अदलाबदल करून बसवल्या आणि पट्टी अशी सफाईने गुंडाळली की कुणाला संशय येऊ नये.

सकाळी सायकली बाहेर लागल्या तेव्हा ताई पिरपिरीला हाताला धरून घेऊन आली. चेहरा असा की जणू वाढदिवसाची भेट द्यायची आहे. सर लांब उभे असल्याची खात्री करून तिने हळूच सांगितलं, "ब्रेक बघ तुझे. आपल्या घरच्यासारखे केलेत. आता रडायचं नाही."

पिरपिरीने उजवा ब्रेक दाबला, पुढचं चाक गच्च धरलं गेलं. डावा दाबला, मागचं. मिस्त्रीकाका कोपऱ्यात उभे राहून डोळा मिचकावत होते. बोलायचं असेल तर आत्ताच, हे तिला कळत होतं. पण बोलायचं म्हणजे काय? ताई, मला सवय झाली होती, काल मी उगाच कुरकुरले, हे? ज्या ताईने तिच्यासाठी जन्मात पहिल्यांदा सरांचा नियम मोडला, त्या ताईला, शर्यतीच्या सकाळी? शिवाय परत बदलायला वेळ नव्हता, लाउडस्पीकरवर नावं पुकारायला लागले होते. आणि तसं पाहिलं तर जन्मभर याच बाजूंनी तर ब्रेक दाबलेत, दोन-तीन दिवसांत हात थोडेच विसरतात, असं तिने स्वतःला समजावलं. मग ताईच्या गळ्यात पडून ती म्हणाली, थँक यू. ताईने तिच्या पाठीवर नंबराच्या पिना लावल्या, एक पिन स्वतःच्या बोटाला टोचून घेतली आणि ते बोट तोंडात धरून हसली.

शर्यत सुरू झाली. पहिला बराच वेळ पिरपिरी मनातल्या मनात एकच जप करत होती, उजवा पुढचा, उजवा पुढचा. प्रत्येक वळणाआधी जप, प्रत्येक उताराआधी जप. त्यामुळे वळणं नीट गेली. रस्ता गावातून बाहेर पडला, शेतांच्या कडेने गेला, वारा बाजूने यायला लागला तशी ती ताईच्या वाऱ्याकडच्या अंगाला गेली आणि तिथेच राहिली. संघाच्या गाडीपर्यंत मागे जाऊन पाठीवर जर्सीत बाटल्या कोंबून आणल्या, संघातल्या तिघींना वाटल्या. एका बाटलीचं झाकण उघडून ताईच्या हातात दिली, नेहमीच्या अगदी उलट. ताईने घोट घेता घेता तिच्याकडे बघून भुवई उडवली, वा गं वा, म्हणून.

शेवटचा चढ आला. हा चढ आणि त्यापलीकडचा उतार संपला की सपाट रस्ता आणि मग शेवटची रेषा. पिरपिरीने ठरल्याप्रमाणे ताईला मागे घेतलं आणि घोळक्याच्या कडेने पुढे सरकायला सुरुवात केली. तिचं काम चढाच्या पायथ्याशी संपायचं होतं. पण त्या दिवशी पाय संपेनात. पायथा गेला, पहिलं वळण गेलं, मागचे चेहरे एकेक करून गळायला लागले, आणि ही आपली पुढेच. तिलाच नवल वाटत होतं. तिच्यामागे ताई, ताईच्या मागे परदेशी मुली, बोटावर मोजण्याइतक्या. आणि त्यांच्यामागे, चढावर घरघरत येणारी ती पांढरी गाडी.

माथ्यावर ताईने धापा टाकत मागून हाक मारली, "अगं, तू आज उडतेयस. खालपर्यंत ने मला."

एवढं एक वाक्य. पिरपिरीला तसं कुणी कधी म्हणालं नव्हतं. तिला हसू आलं, रडूही आलं, आणि वाटलं की जाऊ दे राहिली ताई इथे वर्षभर, मीच तिला इथे पोचवलं असं मी सगळ्यांना सांगेन. इतके दिवस मनात अडकलेलं काहीतरी त्या माथ्यावर सुटलं. ती खरोखर आनंदात होती. त्या आनंदात जप मागे राहिला.

उतार झाडीतून जात होता आणि सावलीतला रस्ता अजून ओलसर होता. एक दगडी कुंपण, त्यानंतर डावीकडे वळण, हे तिला सरावातून पाठ होतं. वळणाआधी एक परदेशी मुलगी त्यांना ओलांडून पुढे शिरली आणि ऐन वळणात अचानक मंदावली. पिरपिरीचा उजवा हात आपोआप मिटला, काल कुत्रं आडवं आलं तेव्हा मिटला होता तसाच, शिकवल्याप्रमाणे, विश्वासाने.

पुढचं चाक अडकलं. ती कुठे पडली ते तिला कळलंच नाही. मागून ताई आली, तिच्या सायकलवर आदळली, आणि कुंपणाच्या दगडांवर गेली.

पिरपिरी उठून उभी राहिली. कोपर सोललं होतं, गुडघा सोलला होता, बाकी काही नाही. ताई उठायचा प्रयत्न करत होती आणि तिचा एक पाय तिचं ऐकत नव्हता. "माझी सायकल कुठंय?" ती विचारत होती. "सायकल दे लवकर, अजून जमेल." सायकल शेजारीच पडली होती, पुढचं चाक वाकून तिचा आकार गेला होता. पिरपिरी ती उचलायला गेली, उचलून उभी केली, आणि हे आपण काय करतोय हे कळल्यावर तशीच धरून उभी राहिली. मागून बाकीच्या मुली सूं सूं करत निघून गेल्या. पांढरी गाडी आली, वळणावर हळू झाली, काचेआडून त्या बाईने पाहिलं. मग गाडी पुढच्या मुलींच्या मागे निघून गेली. जावंच लागतं, शर्यत थांबत नसते. त्यात त्या बाईचा दोष नव्हता, पण पिरपिरीने तो चेहरा जन्मात विसरता येणार नाही असा पाहिला.

ताईचा खुबा मोडला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरांना चित्र काढून दाखवलं, हाड कुठे तुटलं आणि त्यात काय बसवावं लागेल ते. चालेल, ते म्हणाले, नक्की चालेल. सरांनी सायकलचं विचारलं तेव्हा त्यांनी पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, आधी चालू दे.

मग सरांनी पिरपिरीला विचारलं, पडलीस कशी? ती काही बोलायच्या आत पलंगावरून ताईचाच आवाज आला, गुंगीतला. रस्ता ओला होता सर, कुणीही पडलं असतं. सर मान हलवून बाहेर गेले. बाहेर मिस्त्रीकाका गाडीच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. पिरपिरी दिसल्यावर ते म्हणाले, मी त्या पोरीचं ऐकायला नको होतं, माझ्या हातून झालं हे सगळं. म्हणजे बघा, चूक वाटून घ्यायला सगळे तयार होते. रस्ता होता, मिस्त्रीकाका होते, ताई तर सगळ्यात आधी. जिची होती ती सोललेल्या कोपरावर पट्टी बांधून घेऊन गप्प उभी होती.

संध्याकाळी मुक्कामावर पोचली तर दारातच एक मोठं खोकं उभं होतं. विमान कंपनीच्या माणसाने आणून ठेवलं होतं, तसदीबद्दल क्षमस्व अशी चिठ्ठी चिकटवून. संघातल्या दोघी तिच्याकडे न बघता वर निघून गेल्या. पिरपिरीने खोकं उघडलं. सायकलीला ओरखडा नव्हता. हँडलभोवती ताईने आपला जुना टी-शर्ट गुंडाळला होता, प्रवासात ब्रेकला धक्का लागू नये म्हणून. पिरपिरीने तो सोडला आणि उजवा ब्रेक दाबून पाहिला. पुढचं चाक थांबलं. ती तिथेच जिन्यात खाली बसली आणि तो टी-शर्ट तोंडावर दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली तेव्हा ताई फोनवर बाबांशी बोलत होती. आवाज शांत होता, दुकानातल्या गिऱ्हाइकाला औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगावं इतका शांत. हो बाबा, कोर्सचं बघा. नाही, दुखत नाही फार. उभं राहता येईल म्हणालेत, थोडा वेळ लागेल. तिला काही बोलू नका तुम्ही, तिचा काही दोष नाही. फोन ठेवून ताईने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. पांढऱ्या गाडीतली बाई येऊन गेल्याचं खिडकीतल्या फुलांवरून दिसत होतं. एवढ्या फुलांचा अर्थ काय ते दोघींनाही समजत होतं.

"इकडे ये," ताई म्हणाली. पिरपिरी पलंगाशी गेली. ताईने तिचं कोपर हातात घेतलं, पट्टी नीट बांधली आहे का ते पाहिलं. "माझ्यामुळे झालं हे. सर सांगतात ते काय उगाच सांगतात? मला वाटलं तू घाबरून पडशील. आणि मीच तुला पाडलं. मला माफ कर हं."

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. पण माफी मागणारं तोंड ताईचं होतं, आणि ते बघणं पिरपिरीच्याने झालं नाही. तिला वाटलं, खरं सांगितलं तर ताईवरचं हे ओझं तरी उतरेल. चूक माझी आहे हे कळलं तर ती मला बोलेल, मारेल, पण स्वतःला खाणार नाही. म्हणून तिने सांगून टाकलं. हात दुसऱ्याच दिवशी शिकले होते. मनगटं दुखत नव्हती. उतारावर भीती वाटत नव्हती. तू जवळ बसावंस म्हणून मी ते सगळं बोलले. तू इथे राहिली असतीस म्हणून. काल सकाळीही मला सांगता आलं असतं आणि मी सांगितलं नाही.

ती बोलत होती तोवर ताई ऐकत होती, नेहमी ऐकायची तशीच, मधे न बोलता. बाहेरच्या बोळातून कुणीतरी चाकांचा पलंग ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक किरकिरत होतं.

"दुखतच नव्हतं?" ताईने विचारलं.

पिरपिरीने मान हलवली.

ताई छताकडे बघत राहिली. तिचा हात अजून पिरपिरीच्या कोपरावर होता. तो तिने काढून घेतला आणि चादरीवर ठेवला, मग चादरीच्या आत घेतला.

"हे मला सांगायला नको होतंस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझी चूक होती तोवर मला सहन होत होतं गं. मी तुझ्यासाठी काहीतरी केलं आणि ते फसलं, असं म्हणून मी रात्र काढली. दुकानात उभी राहून पण मी तेच म्हटलं असतं. आता मी काय म्हणू?"

पिरपिरी रडायला लागली. लहानपणापासून ती रडायला लागली की पुढे काय होतं ते ठरलेलं होतं. ताई हात पुढे करायची, डोकं जवळ ओढून घ्यायची, पुरे आता म्हणायची. ती वाट बघत राहिली. चादरीखालचा हात हलला नाही. हळूहळू तिचं रडणं आपलं आपणच थांबलं, आणि ते असं आपोआप थांबू शकतं हे तिला पहिल्यांदाच कळलं.

ताईने ओठ ओले केले. ओठ कोरडे पडून सोलवटले होते. शेजारच्या टेबलावर भरलेला तांब्या होता, पेला होता, आणि पिरपिरी त्याच्या अगदी जवळ उभी होती.

"पाणी देऊ?" तिने विचारलं.

ताईने तोंड भिंतीकडे वळवलं.

"नर्सला बोलव," ती म्हणाली.